पुणे परिसरातील शेतजमिनी, जड धातू आणि पिके : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हवेली, दौंड आणि पुरंदर तालुक्यांतील शेतकरी, शहरात गच्चीवर भाजी लावणारी मंडळी आणि मंडईतून रोजची पालेभाजी आणणारी कुटुंबे यांच्याकडून या विषयावर जे प्रश्न पुन्हापुन्हा येतात, त्यांची उत्तरे येथे एकत्र केली आहेत. प्रत्येक आकड्यापुढे त्याचे एकक मुद्दाम लिहिले आहे, कारण या विषयातले पुष्कळसे गैरसमज एककांच्या घोटाळ्यातूनच होतात.

जड धातू म्हणजे नेमके कोणते?

दर घनसेंटिमीटरला साधारण ५ ग्रॅमपेक्षा अधिक घनता असलेल्या धातूंना हा शब्द लावण्याची रूढी आहे; मात्र शेतीच्या चर्चेत तो शिसे, कॅडमियम, पारा, क्रोमियम, निकेल, तांबे, जस्त आणि धातुसदृश असलेले आर्सेनिक यांच्यासाठी वापरला जातो. यांपैकी जस्त, तांबे आणि अगदी अल्प प्रमाणात निकेल ही पिकाची गरज आहे. शिसे, कॅडमियम आणि पारा यांचा मात्र पिकाला किंवा माणसाला काहीही उपयोग नाही. कीटकनाशक जमिनीत पडले तर सूर्यप्रकाश आणि जिवाणू त्याचे कालांतराने विघटन करतात. धातूचे विघटन होत नाही. तो पिकाबरोबर बाहेर जाईल, पाण्याबरोबर खाली झिरपेल, मातीबरोबर वाहून जाईल, नाहीतर जागच्या जागी राहील.

आपल्या काळ्या जमिनीत हे धातू मुळातच असतात का?

असतात, आणि ही गोष्ट लक्षात न घेता काढलेले निष्कर्ष फसवे ठरतात. पुणे जिल्ह्याचा बहुतेक भाग दख्खनच्या बेसॉल्टवर, म्हणजे आपल्या काळ्या पाषाणावर वसलेला आहे. या खडकात निकेल, क्रोमियम, तांबे आणि जस्त निसर्गतःच भरपूर असतात. किलोमागे काही दहा मिलिग्रॅमपासून शंभराच्या पुढेही हे आकडे जातात. उलट शिसे आणि कॅडमियम या खडकात फारच थोडे असते: शिसे किलोमागे काही मिलिग्रॅम आणि कॅडमियम तर मिलिग्रॅमच्या लहानशा अंशाएवढे.

याचा व्यवहारातला अर्थ असा, की कालव्याचे किंवा नदीचे पाणी कधीही न लागलेल्या जिरायत शेतातली माती तपासली आणि अहवालात निकेल ८० मिलिग्रॅम आले, तर ते कोणा कारखान्याचे पाप असेलच असे नाही. सांडपाण्याचा गाळ टाकल्या जाणाऱ्या जमिनींसाठी युरोपीय संघाने १९८६ मध्ये जे निर्देश दिले, त्यांत निकेलची मर्यादा किलोमागे ३० ते ७५ मिलिग्रॅम आणि तांब्याची ५० ते १४० आहे. आपला मुरूमच मुळात या मर्यादेच्या आसपास असू शकतो. याच निर्देशात शिशाची मर्यादा ५० ते ३०० आहे. पण आपल्याकडे एखाद्या शेतात शिसे ४० आले, तर ते मर्यादेच्या आत असूनही खडकातून आलेले नाही, बाहेरून आले आहे, असे समजून शोध घ्यावा लागतो. म्हणून पुणे परिसरात माणसाने केलेल्या प्रदूषणाची खूण म्हणून निकेल-क्रोमियमपेक्षा शिसे-कॅडमियमकडे आधी पाहावे, असे माझे स्पष्ट मत आहे.

मुळा-मुठेचे पाणी शेताला दिल्याने जमीन किती वर्षांत बिघडते?

पवना दापोडीला मुळेला मिळते, मुळा आणि मुठा संगमावर एकत्र येतात, आणि दोन्ही शहरांचे सांडपाणी, प्रक्रिया झालेले आणि न झालेले, घेऊन मुळा-मुठा पुढे रांजणगाव सांडसजवळ भीमेला मिळते. वाटेत मांजरी, लोणी काळभोर, थेऊर या पट्ट्यात नदीवरून थेट उपसा होतो, तर मुंढव्याच्या जॅकवेलमधून उचललेले पाणी बेबी कालव्याने पुढच्या गावांना जाते. या पाण्यात नत्र आणि स्फुरद असल्यामुळे खताचा खर्च वाचतो, हे शेतकऱ्यांना अनुभवाने ठाऊक आहे. त्यामुळे "हे पाणी वापरू नका" असा कोरडा उपदेश करण्यात अर्थ नाही. त्याऐवजी हिशेब करावा.

सिंचनाच्या पाण्यात कॅडमियम लिटरला ०.०१ मिलिग्रॅमपेक्षा जास्त नसावे, अशी संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेची १९८५ ची शिफारस आहे. समजा, आपले पाणी नेमके या कमाल मर्यादेवर आहे आणि वर्षभरात एकूण एक मीटर उंचीचे पाणी पिकांना दिले जाते. एकरी क्षेत्रफळ सुमारे ४,००० चौरस मीटर धरले तर हे पाणी ४० लाख लिटर झाले आणि त्यातून ४० ग्रॅम कॅडमियम शेतात उतरले. एका एकरातील वरच्या २० सेंटिमीटर मातीचे वजन साधारण १० लाख किलो भरते. म्हणजे किलोमागे दरवर्षी ०.०४ मिलिग्रॅमची भर पडली आणि २५ वर्षांत ती १ मिलिग्रॅम झाली. बेसॉल्टी जमिनीत मुळात असलेल्या कॅडमियमच्या तुलनेत ही वाढ कितीतरी पट आहे. जमीन एका हंगामात बिघडत नाही. ती एका पिढीत बिघडते, आणि म्हणूनच ते कोणाच्या ध्यानात येत नाही.

या हिशेबात एक त्रुटी आहे, आणि ती शेतकऱ्याच्या हिताची आहे. सांडपाण्यातील बहुतेक धातू विरघळलेले नसून गाळाच्या बारीक कणांना चिकटलेले असतात. त्यामुळे पाण्याची तपासणी करताना बाटलीतला गाळ गाळून टाकला की अहवाल स्वच्छ येतो, आणि शेतात मात्र तो गाळ पाटाच्या तोंडाशी बसत राहतो. ज्या वाफ्यात पाणी प्रथम शिरते तेथे धातू सर्वाधिक, आणि शेवटच्या वाफ्यात सर्वांत कमी, असे चित्र त्यामुळे दिसते. पाणी शेततळ्यात दोन दिवस निवळू दिले, तर गाळाबरोबरचा बराच धातू शेताबाहेर राहतो. मात्र तळ्याचा तो गाळ नंतर खत समजून शेतात पसरू नये. केलेले सगळे वाया जाते.

पाण्याशिवाय हे धातू आणखी कोठून येतात?

शहराच्या कचऱ्यापासून केलेल्या कंपोस्ट खतातून येतात, विशेषतः ओला आणि सुका कचरा वेगळा केलेला नसेल तर. १९८५ च्या खत नियंत्रण आदेशानुसार शहरी कंपोस्टमध्ये किलोमागे शिसे १०० मिलिग्रॅम, कॅडमियम ५, निकेल ५० आणि पारा ०.१५ मिलिग्रॅमपेक्षा जास्त असता कामा नये. एकरी ५ टन असे खत टाकले आणि त्यात शिसे अगदी कमाल मर्यादेवर असले, तर अर्धा किलो शिसे शेतात जाते, म्हणजे मातीत किलोमागे अर्ध्या मिलिग्रॅमची भर पडते. एकदा टाकण्यात फारसे बिघडत नाही. दरवर्षी टाकणाऱ्याने मात्र गोणीवरचे विश्लेषण मागून घ्यावे. नदीतून काढलेल्या जलपर्णीचे खत हाही असाच विषय आहे. जलपर्णी पाण्यातील धातू शोषून मुख्यतः मुळांत साठवते, आणि याच गुणासाठी तिचे कौतुक होते. पण त्याच जलपर्णीचे खत करून भाजीला घालायचे म्हणजे नदीतला धातू हाताने उचलून शेतात नेण्यासारखे आहे.

सुपर फॉस्फेटसारख्या स्फुरदयुक्त खतांत मूळ खडकातले कॅडमियम थोड्या प्रमाणात उतरते. जुन्नर-नारायणगावच्या द्राक्षबागांत प्रश्न तांब्याचा आहे. एक किलो मोरचुदात २५० ग्रॅम तांबे असते. एक टक्का बोर्डो मिश्रणाची एकरी ३०० लिटरची एक फवारणी म्हणजे पाऊण किलो तांबे, आणि वर्षाला अशा चार फवारण्या धरल्या तर ३ किलो. यातले बरेचसे अखेर मातीतच येते. वीस वर्षांच्या बागेत ही भर किलोमागे ६० मिलिग्रॅमपर्यंत जाऊ शकते. तांब्याने द्राक्ष खाणाऱ्याला अपाय होण्याआधी जमिनीतल्या गांडुळांना आणि सूक्ष्मजीवांना त्रास होतो, म्हणून ही गोष्ट मागे पडते.

रस्त्यालगतच्या शेतांत शिशाचा एक जुना वारसा आहे. देशात शिसेमिश्रित पेट्रोलची विक्री १ फेब्रुवारी २००० पासून बंद झाली, पण त्याआधी धुरातून पडलेले शिसे मातीच्या वरच्या थरातून फारसे हललेले नाही. उघड्यावर बॅटऱ्या फोडण्याच्या जागा आणि विद्युत विलेपनाच्या, म्हणजे क्रोम-निकेलचा मुलामा देण्याच्या, लहान कारखान्यांचे नाल्यात सोडलेले पाणी ही ठिकठिकाणची कारणे वेगळीच.

जमिनीतला धातू पिकात कसा शिरतो?

मुळांना धातूची ओळख नसते. त्यांना आकार आणि विद्युतभार ओळखता येतो. जस्त, लोह आणि मँगनीज आत घेण्यासाठी मुळांच्या पेशींवर जी प्रथिनांची दारे असतात, त्यांतूनच कॅडमियम आत शिरते. भातात तर मँगनीजचे एक विशिष्ट दार हेच कॅडमियमचे मुख्य प्रवेशद्वार असल्याचे सिद्ध झाले आहे. आर्सेनिकचे एक रूप स्फुरदाच्या दारातून, तर दुसरे सिलिकाच्या दारातून जाते. शिसे आणि तीन संयुजेचे क्रोमियम यांना मात्र मातीचे कण इतके घट्ट धरून ठेवतात, की मुळापर्यंत फारच थोडे पोचते आणि जे पोचते तेही मुळाच्या पेशीभित्तिकेत अडकून पडते.

यावरून धातूंचे दोन गट करता येतात. तांबे, जस्त आणि निकेल जमिनीत फार वाढले तर माणसाला अपाय होण्याआधी पीकच पिवळे पडते आणि खुंटते; म्हणजे पीक स्वतःच इशारा देते. कॅडमियम हा इशारा देत नाही. हिरवागार, तजेलदार पालक आतून कॅडमियमने भरलेला असू शकतो. या एका गुणामुळे शेतीच्या दृष्टीने कॅडमियम सर्वांत धोकादायक मानले जाते.

आपली जमीन विम्लधर्मी आहे. मग धातू मातीतच बांधले जात नाहीत का?

मोठ्या प्रमाणात बांधले जातात, आणि हे पूर्व पुणे जिल्ह्याचे नशीब म्हणावे लागेल. हवेली-दौंडच्या काळ्या जमिनींचा सामू (पीएच) साधारण ७.५ ते ८.५ असतो, त्यांत चुनखडी असते आणि फुगणारी चिकणमाती असते. या तिन्ही गोष्टी कॅडमियम, शिसे, निकेल, जस्त यांना कुलूप लावतात. तेवढेच कॅडमियम आम्लधर्मी जमिनीत असते, तर पिकात कितीतरी अधिक गेले असते.

पण या कुलपाच्या चार कमकुवत बाजू आहेत. पहिली अशी, की जी चुनखडी कॅडमियमला धरते तीच जस्तालाही धरते. महाराष्ट्रात जस्ताची कमतरता सर्वत्र आढळते, आणि जस्तासाठी भुकेलेले पीक आपली दारे अधिक उघडते. त्या दारातून कॅडमियम येते. दुसरी बाजू क्षारांची. सांडपाण्याने क्लोराइड वाढले की कॅडमियम त्याच्याशी जोडी जमवून मातीच्या पकडीतून सुटते आणि मुळापर्यंत सहज जाते. चोपण आणि खारवट होत चाललेल्या जमिनीत म्हणूनच अधिक सावध राहावे. तिसरी बाजू अशी, की सगळेच धातू या कुलपात बसत नाहीत. आर्सेनिक, सेलेनियम, मॉलिब्डेनम आणि सहा संयुजेचे क्रोमियम हे ऋणभारित रूपात असतात आणि विम्लधर्मी जमिनीत उलट अधिक मोकळे होतात. चौथी बाजू साधी आहे: नदीकाठची सगळी रानं खोल काळ्या मातीची नसतात. हलक्या, मुरमाड, पोयट्याच्या रानात कुलूपच लहान असते.

कोणत्या पिकांत धातू जास्त साठतात?

पालेभाज्यांत सर्वाधिक, त्याखालोखाल कंदमुळांत, नंतर धान्यात आणि फळभाज्यांत, आणि झाडावरच्या फळांत सर्वांत कमी, असा ढोबळ क्रम आहे. पालेभाज्यांतही पालक कॅडमियम ओढण्यात पुढे आहे. मेथी, कोथिंबीर, माठ, चुका यांच्याकडेही लक्ष ठेवावे. मुळा, गाजर, बीट यांच्या सालीवर माती चिकटून राहते, त्यामुळे त्यांत शिसे अधिक दिसते. भेंडी, गवार, दुधी, काकडी ही तुलनेने सुरक्षित पिके होत. कडधान्ये धातू फारसे दाण्यात येऊ देत नाहीत. अपवाद सांगायचे तर जवस आणि सूर्यफूल यांच्या बियांत कॅडमियम अनपेक्षितपणे जास्त साठते, आणि वांगे इतर फळभाज्यांपेक्षा अधिक कॅडमियम घेते. जपानमध्ये रानवांग्याच्या एका जातीच्या खुंटावर वांग्याचे कलम केल्याने फळातले कॅडमियम बरेच कमी झाल्याचे दिसले, कारण ते खुंट धातू मुळातच अडवून धरते.

दैव असे, की शहराजवळच्या नदीकाठच्या रानात नेमकी पालेभाजीच जास्त होते. ती लवकर नासते, म्हणून शहराजवळ पिकते. आणि शहराजवळचे पाणीच सर्वांत मैले.

मावळ-मुळशीच्या भाताचे काय?

पश्चिमेकडचा इंद्रायणी आणि आंबेमोहर भात शहराच्या वरच्या अंगाला, पावसाच्या पाण्यावर पिकतो. तेथील जमिनी जास्त पावसाने धुतलेल्या आणि काहीशा आम्लधर्मी असल्या, तरी त्यांना शहरी सांडपाणी लागत नाही. बंगालमध्ये तांदळात आर्सेनिकचा जो प्रश्न आहे, तो तेथील गाळाच्या प्रदेशातील भूजलामुळे. सह्याद्रीच्या बेसॉल्टला तो जसाच्या तसा लावू नये. भातखाचरात पाणी साठून राहिले की आर्सेनिक मोकळे होते आणि कॅडमियम बांधले जाते; खाचर वाळवले की याच्या उलट घडते. दोन्ही एकाच वेळी कमी करण्याची सोपी युक्ती नाही.

ऊस आणि चारापिके घ्यावीत का? जनावरांच्या दुधात धातू उतरतात का?

पालेभाजीच्या तुलनेत ऊस हे पीक धोका कमी करणारे आहे, कारण खाल्ला जाणारा भाग म्हणजे रसातली साखर, आणि साखर तयार होताना रसातली मळी वेगळी होते. अर्थात ती मळी पुन्हा खत म्हणून शेतात येते, हे विसरू नये. चाऱ्याबाबत सांगायचे तर शिसे आणि कॅडमियम दुधात फार थोडे उतरतात. ते जनावराच्या यकृतात आणि मूत्रपिंडात साठतात. म्हणून दूध पिणाऱ्यापेक्षा कलेजी आणि गुर्दा खाणाऱ्याने अधिक विचार करावा. चिखलाने माखलेला घास धुऊन घातल्यास जनावराच्या पोटात जाणारी माती, आणि तिच्याबरोबरचे शिसे, कमी होते.

भाजी नीट धुतल्याने किंवा शिजवल्याने धातू निघून जातात का?

शिसे पुष्कळसे निघते, कारण ते बहुधा पानावरच्या धुळीत आणि मातीत असते. दोन-तीन पाण्यांत, पाने सुटी करून धुणे एवढे पुरेसे आहे. मीठ, हळद, व्हिनेगर किंवा बाजारातली खास द्रावणे यांनी त्यात विशेष भर पडत नाही. कॅडमियम पानाच्या आत असते, ते धुऊन जात नाही. शिजवण्याने कोणताच धातू नष्ट होत नाही. भाजी उकडून पाणी ओतून दिले तर थोडा धातू पाण्याबरोबर जातो, पण जीवनसत्त्वेही जातात. नेहमीच्या स्वयंपाकात हा व्यवहार फायद्याचा नाही.

किती खाल्ले म्हणजे अपाय होतो?

येथे मात्र आकड्यांत बोलणे भाग आहे. पालेभाज्यांत कॅडमियमची कोडेक्सची, म्हणजे आंतरराष्ट्रीय अन्नमानकांची, मर्यादा किलोमागे ०.२ मिलिग्रॅम आणि शिशाची ०.३ मिलिग्रॅम आहे. हे वजन ताज्या भाजीचे, वाळवलेल्या नव्हे. जागतिक आरोग्य संघटना आणि अन्न व कृषी संघटना यांच्या संयुक्त तज्ज्ञ समितीने २०१० मध्ये कॅडमियमसाठी शरीराच्या दर किलो वजनामागे महिन्याला २५ मायक्रोग्रॅम ही सहनमर्यादा ठरवली. ६० किलोच्या माणसाला ती दिवसाला ५० मायक्रोग्रॅम पडते. मर्यादेवर असलेला पालक त्याने रोज २०० ग्रॅम खाल्ला, तर ४० मायक्रोग्रॅम एकट्या पालकातून झाले, आणि गहू, तांदूळ, बटाटे यांतून येणारे अजून मोजायचेच आहे. १५ किलोच्या मुलाची मर्यादा केवळ साडेबारा मायक्रोग्रॅम, म्हणजे तोच पालक साठ-बासष्ट ग्रॅम. आठवड्यातून दोनदा पालक खाणाऱ्याने काळजी करण्याचे कारण नाही. एकाच शेतातली एकच भाजी रोज खाणाऱ्याने, म्हणजे बहुतेक वेळा ती पिकवणाऱ्या कुटुंबाने, विचार करावा.

कॅडमियम मूत्रपिंडात साठते आणि ते निम्मे होण्यास १० ते ३० वर्षे लागतात. जपानमधील जिंझू नदीच्या खोऱ्यात खाणीच्या पाण्यावर पिकलेल्या भातातून जो इताई-इताई रोग झाला, आणि ज्याची १९६८ मध्ये तेथील सरकारने अधिकृत नोंद घेतली, त्यात प्रौढ स्त्रियांची हाडे साध्या हालचालीनेही मोडत असत. शिशाबाबत याच तज्ज्ञ समितीने पूर्वीची सहनमर्यादा २०१० मध्ये मागे घेतली, कारण मुलांच्या मेंदूच्या वाढीच्या दृष्टीने सुरक्षित म्हणता येईल अशी पातळीच सापडली नाही.

मातीचा किंवा भाजीचा रंग, वास पाहून ओळखता येते का?

नाही. पाण्यावरचा फेस साबणाचा असतो आणि काळा रंग कुजण्याचा. धातूंना रंगही नसतो आणि वासही नसतो.

नेहमीच्या माती परीक्षणात हे कळते का? नमुना कसा घ्यावा?

कळत नाही. २०१५ पासून मिळणाऱ्या मृद आरोग्य पत्रिकेत बारा गोष्टी असतात: नत्र, स्फुरद, पालाश, गंधक, जस्त, लोह, तांबे, मँगनीज, बोरॉन, सामू, विद्युत वाहकता आणि सेंद्रिय कर्ब. त्यांत शिसे नाही, कॅडमियम नाही. पत्रिका हिरवी आली म्हणजे जमीन निर्धोक, असा समज करून घेतलेले अनेक जण भेटतात. धातूंसाठी वेगळी चाचणी मागावी लागते, आणि ती एनएबीएल (प्रयोगशाळांना मान्यता देणारे राष्ट्रीय मंडळ) मान्यता असलेल्या प्रयोगशाळेत, त्या विशिष्ट धातूसाठी मान्यता आहे का हे विचारून, करावी.

मागताना दोन चाचण्या मागाव्यात. मातीतला एकूण धातू तीव्र आम्लात विरघळवून मोजतात. पिकाला उपलब्ध असलेला धातू डीटीपीए द्रावणाने काढून मोजतात. बेसॉल्टी जमिनीत पहिला आकडा भीतिदायक आणि दुसरा नगण्य असू शकतो. पैसे एकाच चाचणीपुरते असतील, तर माझा सल्ला मातीऐवजी उभ्या पिकातील पालकच तपासण्याचा आहे. आपण माती खात नाही.

नमुना लाकडी किंवा प्लास्टिकच्या खुरप्याने घ्यावा. जस्ताचा मुलामा असलेले घमेले वापरले की अहवालात जस्त वाढलेच. नागमोडी चालत दहा-पंधरा ठिकाणची वरच्या २० सेंटिमीटरची माती घेऊन, मिसळून, चार भाग करत अर्धा किलो उरवण्याची नेहमीची पद्धत चालेल, पण पाटाच्या तोंडाजवळच्या वाफ्याचा नमुना वेगळा ठेवावा. शिवाय त्याच प्रकारच्या मातीच्या, पण नदीचे पाणी कधीच न लागलेल्या शेजारच्या शेताचा एक नमुना अवश्य द्यावा. तुलनेसाठी हा नमुना नसला, तर खडकाचा धातू कोणता आणि नदीचा कोणता, हे कोणीही सांगू शकत नाही.

मोहरी किंवा सूर्यफूल लावून जमीन स्वच्छ करता येते, हे खरे आहे का?

तत्त्व खरे आहे. हिशेब मात्र कोणी करत नाही. एकरातल्या वरच्या थरात किलोमागे १ मिलिग्रॅम कॅडमियम जास्त आहे, म्हणजे एकूण १ किलो कॅडमियम काढायचे आहे. मोहरीचे एकरी ५ टन वाळलेले वजन, अगदी सढळ हाताने, धरले आणि त्यात किलोमागे ५ मिलिग्रॅम कॅडमियम आले, तर एका पिकाने २५ ग्रॅम निघते. म्हणजे अशी चाळीस पिके घ्यावी लागतील, आणि प्रत्येक वेळी ते पीक जनावराला न घालता, न जाळता, कोठेतरी सुरक्षित ठेवावे लागेल. आर्सेनिक विलक्षण प्रमाणात साठवणारे एक नेचे २००१ मध्ये प्रसिद्धीस आले, पण तेही बागायतदाराच्या घाईला पुरणारे नाही. जिंझू खोऱ्यात अखेर माती बदलावी लागली. १९७९ मध्ये सुरू झालेले ते काम २०१२ मध्ये संपले.

मग ज्याची जमीन नदीकाठी आहे त्याने करावे तरी काय?

पीक बदलणे हा सर्वांत स्वस्त उपाय आहे. पाटाच्या तोंडाजवळचे वाफे पालकाऐवजी चारा, ऊस, फुलझाडे किंवा गवार-भेंडीला द्यावेत. शेवंती आणि झेंडू पुण्याच्या बाजारात काही कमी विकला जात नाही. परीक्षणात जस्त कमी आले असेल तर झिंक सल्फेटची शिफारस केलेली मात्रा द्यावी, कारण जस्त पुरेसे मिळालेले पीक कॅडमियम कमी घेते. चांगले कुजलेले शेणखत धातूंना धरून ठेवते आणि ते दरवर्षी लागते. चुना टाकण्याचा सल्ला पुस्तकांत नेहमी आढळतो, पण तो आम्लधर्मी जमिनीसाठी आहे. चुनखडीच्या रानात आणखी चुना टाकून जस्ताची कमतरता मात्र वाढेल. ठिबकने दिलेले पाणी पानांवर उडत नाही, त्यामुळे पानांवरचे शिसे कमी होते, परंतु मैल्या पाण्याने ठिबकची छिद्रे बुजतात, ही अडचण खरी आहे.

सेंद्रिय प्रमाणपत्र असलेल्या भाजीत जड धातू नसतात ना?

प्रमाणपत्र मुख्यतः रासायनिक खते आणि कीटकनाशके वापरली नाहीत, हे सांगते. भाजीत धातू किती आहेत, हे वेगळे तपासल्याशिवाय कळत नाही.

गच्चीवरच्या बागेला हा धोका आहे का?

मातीचे मूळ ठाऊक नसेल तर आहे. पाडलेल्या जुन्या वाड्याच्या राडारोड्यातून आलेल्या मातीत जुन्या तैलरंगाचे पोपडे असतात, आणि त्यांत शिसे असू शकते. घरगुती रंगांत शिसे ९० पीपीएमपेक्षा, म्हणजे किलोमागे ९० मिलिग्रॅमपेक्षा, जास्त नसावे हा नियम आपल्याकडे २०१७ पासून लागू झाला, त्याआधीच्या रंगांचे काही सांगता येत नाही. रंगाचे जुने डबे, बॅटरीची खोकी आणि नदीपात्रातून आणलेली गाळाची माती कुंडीसाठी वापरू नये. घरच्या ओल्या कचऱ्याचे खत मात्र निःशंक वापरावे.

नदीजवळच्या विहिरीचे पाणी सुरक्षित असते का?

शिसे आणि कॅडमियम यांच्या बाबतीत बहुधा असते, कारण काळी माती त्यांना वरच अडवते. अशा विहिरींत प्रश्न येतो तो नायट्रेटचा आणि क्षारांचा. सहा संयुजेचे क्रोमियम मात्र पाण्याबरोबर खोल जाते, म्हणून वरच्या अंगाला मुलामा देण्याचे कारखाने असतील तर त्याची चाचणी करून घ्यावी. विहीर सर्वांत खाली गेलेली असताना, मे महिन्यात, एक नमुना आणि पावसाळ्यानंतर दुसरा नमुना द्यावा. इतर धातूंसाठीच्या बाटलीत प्रयोगशाळा आधीच नायट्रिक आम्ल घालून देते. क्रोमियमच्या या रूपासाठी तसे आम्ल घातलेली बाटली चालत नाही. ती वेगळी मागून घ्यावी, बर्फात ठेवावी आणि त्याच दिवशी प्रयोगशाळेत पोचवावी.